तर्क आणि संभव

दूरच्या डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, असे आपण म्हणतो. अग्नी आपल्या दृष्टीस पडत नाही. दिसतो तो केवळ धूर. तरीही जे दिसले त्यावरून जे दिसले नाही त्याचे ज्ञान आपण करून घेतो. यालाच अनुमान म्हणतात. प्राचीन भारतातील न्यायशास्त्राच्या आचार्यांनी अनुमानाचा विचार करताना हेच उदाहरण वारंवार घेतले आहे. धूर आणि अग्नी यांची सोबत मनुष्याने स्वयंपाकघरातील चुलीपाशी अनेकदा पाहिलेली असते. पुढे डोंगरावर धूर दिसताच त्याला ती आठवते आणि तेथेही अग्नी असल्याचे तो जाणतो. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतोच, या अतूट संबंधाला त्या आचार्यांनी ‘व्याप्ती’ असे नाव दिले. हा नियम उलट बाजूने मात्र चालत नाही, हेही त्यांनी बजावून ठेवले. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो.

ग्रीस देशात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्यानेही अनुमानाचे नियम व्यवस्थित लिहून काढले. त्याच्या पद्धतीचे एक अनुमान पाहा. ‘सर्व सस्तन प्राणी फुप्फुसांनी श्वास घेतात. देवमासा हा सस्तन प्राणी आहे. म्हणून देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो.’ तुम्ही देवमासा कधी पाहिला नसेल. तरीही पहिली दोन विधाने खरी असली, तर तिसरे खरे असलेच पाहिजे, हे तुम्हांस मान्य करावे लागेल. हे तर्कशास्त्राचे मोठे सामर्थ्य होय. परंतु या वाक्यातील ‘तर’ हा लहानसा शब्द विसरू नका. आधीची विधाने खरी आहेत की नाहीत, हे तर्कशास्त्र सांगत नाही. ती खरी मानली, तर पुढे काय येते, एवढेच ते सांगते.

अनुमानाची ही विद्या यंत्राला शिकविण्याचा मार्ग ज्याच्यामुळे मोकळा झाला, तो जॉर्ज बूल हा इंग्रज गणिती होता. त्याचा जन्म १८१५ साली लिंकन या शहरी झाला. त्याचे वडील जोडे तयार करीत. घरची स्थिती बेताची असल्यामुळे बूलने बहुतेक शिक्षण स्वतःच्या बळावर मिळविले आणि १८४९ साली तो आयर्लंडमधील कॉर्क येथे गणिताचा प्राध्यापक झाला. १८५४ साली त्याने विचारांच्या नियमांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने खऱ्यासाठी १ आणि खोट्यासाठी ० ही चिन्हे घेऊन तर्काला बीजगणिताचे रूप दिले. विशेष हे की, त्या ग्रंथाच्या लांबलचक नावात तर्कशास्त्राबरोबर संभाव्यतेचाही उल्लेख आहे. ही दोन शास्त्रे एकत्र असावीत, असे बूलला तेव्हाच वाटले होते.

पुढे १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या तरुण विद्यार्थ्याने दाखवून दिले की, विजेची बटणे जोडून बूलचे बीजगणित प्रत्यक्ष करता येते. बटण चालू असले म्हणजे १ आणि बंद असले म्हणजे ०. आजचे बहुतेक सर्व संगणक याच तत्त्वावर चालतात. १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात काही शास्त्रज्ञ एकत्र जमले आणि यंत्राला विचार करावयास शिकविण्याच्या या नव्या विद्येचे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव रूढ झाले. त्याच सुमारास न्यूएल, सायमन आणि शॉ या तिघांनी संगणकासाठी एक कार्यक्रम रचला. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या प्रसिद्ध गणितग्रंथातील एका प्रकरणाच्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ प्रमेये त्या कार्यक्रमाने सिद्ध केली. यंत्र तर्क करू लागले, याचा सर्वांना मोठा आनंद झाला.

परंतु गणिताच्या बाहेर पाऊल टाकताच अडचण उभी राहिली. गणितातील नियमांना अपवाद नसतात; जगातील नियमांना मात्र ते पदोपदी आढळतात. पक्षी उडतात हे खरे; पण शहामृग उडत नाही. थंडी वाजून ताप आला म्हणजे हिवताप असतो, असे पुष्कळदा दिसते. पण प्रत्येक वेळी तसे नसते. डोंगरावरचा धूरसुद्धा जवळ जाऊन पाहावा, तर कधी धुके निघते. ज्याला खरे आणि खोटे या दोनच गोष्टी ठाऊक आहेत, त्या यंत्राने येथे काय करावे? नियम खरा मानला तर अपवादाच्या वेळी ते फसते. खोटा मानला तर त्याला काहीच बोलता येत नाही.

अशा प्रसंगी उपयोगी पडणारे दुसरे शास्त्र म्हणजे संभाव्यतेचे गणित. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी द्यूताच्या एका प्रश्नावर परस्परांना पत्रे लिहिली, तेथून या गणिताचा खरा विकास सुरू झाला. यात प्रत्येक गोष्टीच्या संभवाला एक अंक देतात. जे कधीच घडणार नाही त्याला ०, जे निश्चित घडणार त्याला १, आणि बाकी सर्व गोष्टींना या दोहोंमधील अपूर्णांक. फासा टाकला असता सहाचे दान पडण्याचा संभव सहांत एक असतो. बूलने खऱ्याखोट्यासाठी घेतलेले १ आणि ० हेच अंक येथेही दोन टोकांना उभे आहेत. संभाव्यतेने त्यांच्यामधील रिकामी जागा भरून काढली, इतकेच.

मग ही दोन शास्त्रे जोडावयाची कशी? सर्वांत सोपा वाटणारा उपाय असा : ज्या गोष्टीचा संभव फार मोठा आहे ती खरीच धरावी, आणि पुढे नेहमीप्रमाणे तर्क करावा. हा उपाय का चालत नाही, ते हेन्री कायबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६१ साली सोडतीच्या उदाहरणाने दाखविले. समजा, सोडतीत १,००० चिठ्ठ्या आहेत आणि त्यांपैकी एकीला बक्षीस लागणार हे निश्चित आहे. पहिल्या चिठ्ठीला बक्षीस न लागण्याचा संभव १,००० मध्ये ९९९ इतका आहे. म्हणून ‘पहिलीला बक्षीस लागणार नाही’ हे खरे धरू. त्याच न्यायाने दुसरीलाही लागणार नाही, तिसरीलाही नाही, आणि शेवटी हजाराव्या चिठ्ठीलाही नाही. आता तर्कशास्त्र म्हणेल, ‘तर मग कोणालाच बक्षीस लागणार नाही!’ पण एकीला ते लागणार, हे तर आपण आधीच मान्य केले आहे. प्रत्येक पाऊल उचित वाटले आणि शेवट मात्र अशक्य गोष्टीत झाला. चूक कोठे झाली? थोडासा जो संशय होता तो आपण वाटेतच टाकून दिला. हजार ठिकाणचा तो कणभर संशय एकत्र केला असता, तर त्याचीच एक पूर्ण खात्री झाली असती!

यावरून एक धडा मिळतो. संशयाचा अंक वाटेत टाकू नये. प्रत्येक पावलागणिक तो बरोबर न्यावा. एखाद्या अनुमानाच्या सात पायऱ्या आहेत, आणि आधीच्या पायऱ्या बरोबर असता पुढची बरोबर असण्याचा संभव दर वेळी दहांत नऊ आहे, असे समजा. सातही पायऱ्या बरोबर असण्याचा संभव किती? ०.९ ला ०.९ ने असे गुणत गेलो, तर सात पायऱ्यांअखेर सुमारे ०.४८ उरतात; म्हणजे निम्म्याहूनही कमी! लांबच लांब तर्कावर भिस्त ठेवणाऱ्याने हा हिशेब अवश्य करून पाहावा.

अंक बरोबर नेण्याचा एक मोठा प्रयोग १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. रक्तातील जंतुदोष ओळखून औषध सुचविणारा ‘मायसिन’ नावाचा कार्यक्रम एडवर्ड शॉर्टलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. अशा रोगात वेळ थोडा असतो आणि चुकीच्या औषधाने प्राणावर बेतू शकते. मायसिनजवळ ‘जर असे असेल, तर तसे असावे’ अशा स्वरूपाचे सुमारे ६०० नियम होते, आणि प्रत्येक नियमाबरोबर त्याच्या खात्रीचा अंक जोडलेला होता. त्याची सूचना आणि डॉक्टरांचा सल्ला तज्ज्ञांनी ताडून पाहिला, तेव्हा मायसिन मागे पडले नाही. तथापि रुग्णालयाच्या नित्य वापरात ते कधी आले नाही, आणि त्याच्या हिशेबात एक उणीवही होती.

ती उणीव समजण्यासाठी आपण एक कल्पना करू. पावसाळ्यात गावाबाहेरचा पूल वाहून गेल्याचे एकाने येऊन सांगितले. आपल्याला ०.६ इतकी खात्री वाटली. संशय उरला ०.४. थोड्या वेळाने दुसऱ्यानेही तेच सांगितले. मायसिनच्या रीतीप्रमाणे उरलेल्या संशयापैकी ०.६ भाग नाहीसा होतो आणि खात्री ०.८४ होते. तिसऱ्याने सांगितल्यावर ती जवळजवळ ०.९४ वर जाते. परंतु मागाहून कळले की, या तिघांनी ही बातमी एकाच बसच्या चालकाकडून ऐकली होती, तर? मग साक्षी तीन नव्हेत, एकच आहे! नियम एकेकटे ठेवून नुसते अंक मिळविले, तर कोणता पुरावा कोठून आला हे यंत्राला कळत नाही, आणि एकच पुरावा तीनदा मोजला जातो.

तर्क आणि संभव यांना एका पायावर उभे करण्याची अधिक पक्की रीत नील्स निल्सन यांनी १९८६ साली मांडली. तिचे मर्म चार वाट्या आणि ज्वारीचे १०० दाणे यांनी समजावून घेता येईल. डोंगरावर धुरासारखे काही दिसेल किंवा दिसणार नाही. तेथे अग्नी असेल किंवा नसेल. अशा चारच स्थिती संभवतात. म्हणून वाट्या चार. ज्या स्थितीचा संभव अधिक, तिच्या वाटीत दाणे अधिक टाकावयाचे. समजा, ‘धूर दिसतो, अग्नी आहे’ या वाटीत १८ दाणे टाकले. ‘धूर दिसतो, अग्नी नाही’ या वाटीत २. ‘धूर दिसत नाही, अग्नी आहे’ या वाटीत ५. आणि ‘दोन्ही नाहीत’ या वाटीत ७५. आता डोंगरावर धूर दिसला. तेव्हा धूर नसलेल्या दोन वाट्या बाजूला ठेवा. उरले २० दाणे. त्यांपैकी १८ अग्नीच्या वाटीतले. म्हणून अग्नी असण्याचा संभव दहांत नऊ. जेथे धूर तेथे अग्नी हा नियम निरपवाद असता, तर ते दोन दाणेही नसते, आणि आपले अनुमान पूर्ण निश्चित ठरले असते. पाहा, किती सोपी ही व्यवस्था! जे असंभवनीय आहे त्याच्या वाट्या तर्कशास्त्र रिकाम्या करते. उरलेल्या वाट्यांत दाणे किती हे संभाव्यता सांगते. दोघांत भांडण नाहीच.

पुरावा मिळताच नको त्या वाट्या बाजूला ठेवून उरलेले दाणे मोजणे, याच्या मुळाशी टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा विचार आहे. त्याचा मृत्यू १७६१ साली झाला आणि त्याचा निबंध त्याच्या मित्राने १७६३ साली प्रसिद्ध करविला. या रीतीचे मोल केवढे आहे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका नगरातील १०,००० लोकांपैकी १०० लोकांना एक रोग आहे. त्याची चाचणी शंभर रोग्यांपैकी ९० जणांत रोग दाखविते. परंतु निरोगी माणसांपैकीही शंभरांत १० जणांत चुकून रोग दाखविते. सर्वांची चाचणी घेतली. १०० रोग्यांपैकी ९० जणांत आणि ९,९०० निरोग्यांपैकी ९९० जणांत रोग दिसला. एकूण झाले १,०८०. त्यांत खरे रोगी ९० म्हणजे बारांत एक! ‘चाचणीत दिसले म्हणजे रोग आहेच’ असा नियम करणाऱ्या यंत्राने ९९० निरोगी माणसांच्या घरांत विनाकारण भय निर्माण केले असते. आता त्या १,०८० जणांची तेवढ्याच अचूकतेची, पण अगदी वेगळ्या प्रकारची दुसरी चाचणी घ्या. ९० पैकी ८१ आणि ९९० पैकी ९९ जणांत पुन्हा रोग दिसेल. आता १८० पैकी ८१ खरे रोगी आहेत. म्हणजे संभव शंभरांत ४५ वर गेला. पण दुसरी चाचणी पहिलीच्याच चुका जशाच्या तशा करणारी असती, तर काय झाले असते? बसच्या चालकाची गोष्ट आठवा. काहीच लाभ झाला नसता.

वाट्यांच्या या रीतीत एकच संकट आहे. दोन गोष्टींसाठी चार वाट्या पुरल्या. तीन गोष्टींना आठ लागतात आणि दहा गोष्टींना १,०२४. वीस गोष्टी झाल्या की वाट्यांची संख्या दहा लाखांच्या वर जाते. इतक्या वाट्या कोणी भराव्या आणि कोणी मोजाव्या?

हे संकट दूर करणारी युक्ती ज्यूडिया पर्ल यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने सांगितली. जगातील प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी साक्षात संबंध नसतो. म्हणून प्रत्येक गोष्टीसाठी कागदावर एक बिंदू काढावा, कारणापासून कार्याकडे बाण काढावा, आणि प्रत्येक बिंदूपाशी केवळ त्याच्या निकटच्या कारणांचेच अंक लिहावे. रात्री घरातील दिवा एकाएकी विझला. दिवाच बिघडला असेल किंवा गावची वीज गेली असेल. बाहेर डोकावून पाहिले, तो शेजाऱ्यांकडेही अंधार. तत्काळ आपण म्हणतो, ‘वीज गेली आहे, दिवा बहुधा ठीक असेल.’ दिव्याला कोणी हातही लावला नाही, तरी त्याच्यावरचा संशय कमी झाला! शुद्ध तर्कशास्त्रात एकदा सिद्ध झालेले विधान नव्या माहितीने मागे घ्यावे लागत नाही. येथे मात्र नवी माहिती येताच जुने मत सैल करावे लागते, आणि बाणांच्या जाळ्यामुळे यंत्रालाही ते साधते. पुलाच्या बातमीतही चालकापासून तिघांकडे तीन बाण काढले की एकाच साक्षीची तीनदा मोजणी होत नाही. या कार्याबद्दल पर्ल यांना २०११ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

तरीही ‘सर्व’ हा तर्कशास्त्राचा मोलाचा शब्द या जाळ्यात सहज बसत नव्हता. ‘एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या घरांपैकी एकात पटकी आली, तर इतरांतही येते’ हा नियम सर्व घरांना लागू पडतो. पण तो निरपवाद नाही. २००६ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील रिचर्डसन आणि डोमिंगोस यांनी अशा प्रत्येक नियमाला वजन देण्याची पद्धत मांडली. नियम मोडणारी स्थिती अशक्य न मानता केवळ कमी संभवनीय मानावी. नियमाचे वजन जितके अधिक, तितका तो मोडण्याचा संभव कमी.

आज माणसासारखे संभाषण करणारी यंत्रे निघाली आहेत. एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ती अगणित लेखनावरून शिकतात. त्यांची भाषा ओघवती असते. परंतु जे ऐकण्यास संभवनीय वाटते ते नेहमी सत्य असतेच असे नाही, आणि ही यंत्रे कधीकधी खोटे विधानही मोठ्या डौलाने करतात. म्हणून संभवाच्या जोडीला तर्काचा पहारा हवा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अल्फाजॉमेट्री’ या कार्यक्रमात अशीच जोडी आहे. भूमितीच्या आकृतीत कोणती रेषा वाढवावी, हे त्याचा एक भाग संभवावरून सुचवितो. दुसरा भाग त्या रेषेच्या आधारे नियमानुसार एकेक पायरी सिद्ध करीत जातो. आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धेतील भूमितीच्या ३० कठीण प्रश्नांपैकी २५ प्रश्न त्याने सोडविले. रेषा सुचविणारा चुकला तरी चिंता नसते. कारण सिद्ध करणारा चुकीची पायरी पुढे जाऊ देत नाही.

मुलांनो, यंत्राला शिकविण्यासाठी विद्वानांनी जे शोधून काढले, ते माणसालाही तितकेच उपयोगी आहे. रोग्याच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाला केवळ ‘हा रोग आहे’ एवढेच उत्तर पुरत नाही. ती खात्री किती, कशावरून, आणि आणखी कोणती चाचणी घेतल्यास ती वाढेल किंवा घटेल, हेही त्यास कळावयास हवे. जो सर्वच गोष्टी ठामपणे सांगतो तो अपवादाच्या वेळी फसतो, आणि जो कशाचीच खात्री देत नाही त्याच्या ज्ञानाचा कोणास उपयोग होत नाही. जेवढा पुरावा तेवढाच विश्वास ठेवावा, आणि नवा पुरावा येताच तो विश्वास कमीअधिक करण्यास लाजू नये, हाच विचार करण्याचा सरळ मार्ग होय.